बाहेरच्या देशाचा पिवळा

झाकणरावांना उघडं काही बघवत नसे. बरणी असो, पाण्याची बाटली असो, नाहीतर शिलाईवालीच्या सुयांची डबी असो, झाकण सुटं दिसलं की यांचा हात पुढे गेलाच म्हणून समजा. एकदा ते शाळेतल्या बाईंकडे चहाला गेले. बाई आतून कप घेऊन येईपर्यंत यांनी टेबलावरच्या बाटल्या, पेनांची टोपणं आणि खुद्द बाईंची पर्स, सगळं बंद करून टाकलं आणि हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखे बसून राहिले. त्यातली डिंकाची बाटली पुढे कुणाच्या बापाला उघडली नाही. बाई ती पाहुण्यांना दाखवत. "मनगट बघा मनगट," असं म्हणत.

बंद करता येत नसत ती फक्त गल्लीतली तोंडं. तिथे झाकणरावांचं काही चालत नसे.

आता यात दोष त्यांचा नव्हता, कामाचा होता. रंगाच्या कारखान्यात ते डब्यांना झाकणं बसवत. पट्ट्यावरून भरलेला डबा यायचा, त्यावर झाकण टेकवायचं आणि रबरी हातोड्याने कडेकडेने ठोकत जायचं. ऐकायला काय, पोरखेळ. पण घाव जरा जास्त बसला की डब्याची कड दबते, पोचा येतो, आणि पोचा आलेला डबा बोटीवर चढत नाही. घाव हलका पडला तर बोट हलल्याबरोबर रंग बाहेर. झाकणरावांच्या घावाचा आवाज सकाळी जसा यायचा तसाच सुट्टीचा भोंगा होईपर्यंत यायचा. सुपरवायझर नव्या माणसांना त्यांच्याजवळ आणून उभं करी आणि म्हणे, "काही विचारू नका, नुसतं ऐका."

नोकरीला लागले त्या वर्षीच त्यांचं खरं नाव मागे पडलं. लग्न झालं तशी बायको झाकणकाकू झाली आणि कुरकुर न करता ओ देऊ लागली. मुलगा शाळेत ‘छोटं झाकण’ होता. त्याने मात्र कधी ओ दिली नाही. मोठा होऊन ट्रक चालवायला लागला आणि महिन्यातला बराच काळ रस्त्यावर राहू लागला. त्यामागचं कारण धंद्याचं होतं की नावाचं, यावर गल्लीतल्या सलूनमध्ये दोन तट होते.

कारखान्यात डब्यांच्या दोन रांगा चालत. एक निळ्या झाकणांची, देशात विकायच्या मालाची. दुसरी पिवळ्या झाकणांची, तो माल बोटीने बाहेर जायचा. त्या डब्यांच्या पोटावर ठळक छापलेलं असायचं, ‘केवळ निर्यातीसाठी. देशात विक्रीस मनाई.’ उत्तम हात म्हणून झाकणरावांना पिवळ्या रांगेवर घातलं होतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. तोंडाने म्हणत नसत, पण पिवळ्या झाकणाची गोष्ट निघाली की जरा ताठ बसत.

आता, ‘देशात विक्रीस मनाई’ हे वाचून चार माणसांनी काय समजावं? गल्लीने जे समजायचं तेच समजलं. सलूनवाल्याने तर कात्री हवेत धरून भाषणच ठोकलं.

"बघा, म्हणजे आपल्याला विकायलासुद्धा मनाई! इतका भारी माल! आपण हात लावला तर मळेल म्हणून! चांगलं फळ बाहेर जातं, चांगलं कापड बाहेर जातं, आता चांगला रंगही बाहेर. आपल्या नशिबी गाळ."

"अरे, आधी माझा कान बाहेर नको जायला," खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं.

पण पुरावाही गल्लीच्याच बाजूने होता. निळ्या झाकणाचा पिवळा भिंतीला लावला की वर्षभरात आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा फिका पडायचा. पिवळ्या झाकणाचा पिवळा मात्र कारखान्याच्या फाटकावर उन्हातान्हात वर्षानुवर्षं तसाच होता. जणू आताच कुणीतरी ब्रश खाली ठेवून चहाला गेलंय. शिलाईवाली नाक्यावरून जाता-येता त्या फाटकाकडे असं बघायची, की तिचा नवरा चिडवायचा, "त्या फाटकाशीच लग्न करायचं होतंस."

पोचा आलेले डबे कारखान्यात एका कोपऱ्यात साठत. महिनाअखेरीला कुणी कामगाराने त्यातला एखादा पिशवीत घातला तर सुपरवायझर नेमका त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी बघत असे. झाकणरावांनी इतक्या वर्षांत एकही डबा नेला नव्हता. एक तर त्यांच्या हातून पोचा येत नसे, आणि दुसऱ्याने बिघडवलेला डबा घरी नेणं त्यांना कमीपणाचं वाटे.

मग नात झाली. नाव काहीतरी लांबलचक ठेवलं होतं, पण ती होती एवढीशी, म्हणून सगळे टिल्ली म्हणत. टिल्लीला मांडीवर घेतलं त्या दिवशी झाकणराव कारखान्यात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम घाव वाकडा मारला. डब्याची कड दबली. शेजारचा कामगार दचकून बघायला लागला. पट्ट्यावर इतकी वर्षं चाललेला ठेका चुकला होता ना!

"काय हो, बरं नाही का?"

"आजोबा झालो," झाकणराव म्हणाले.

त्या डब्यातून टिल्लीचा पाळणा रंगला, मग रस्त्याकडच्या खिडकीचे गज रंगले. खोली एकदम उजळली. झाकणकाकू उगाचच दिवसातून दोनदा फडका मारू लागली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. सलूनवाला म्हणाला, "झाकणराव, माझ्या दाराने काय पाप केलंय?" बाई म्हणाल्या, "मुलं शिकवणीला येतात, तो बाक जरा…" शिलाईवालीच्या नवऱ्याने तर कारखान्याच्या फाटकापर्यंत सोबत केली. त्याचं काम तेव्हा नुकतंच सुटलं होतं. तो ज्या कापड कारखान्यात होता, तिथलं कापड दुसऱ्या कुठल्याशा देशात स्वस्तात विणून यायला लागलं, म्हणून एका दुपारी सगळ्यांना घरी पाठवलं होतं. घरी बसून बसून तो बायकोच्या सुया मोजायचा. त्याला निदान खोली तरी रंगवू दे, असं झाकणरावांना वाटलं.

असे पोचे पडत गेले. नेमाने नाही, जास्त नाही. प्रत्येक वेळी ते डब्याच्या पाठीवरून हात फिरवत, बिचाऱ्याला उगीच मारलं म्हणून. काही काळाने नाक्यावरचे टॅक्सीवाले गल्ली दाखवताना म्हणू लागले, "ती पिवळी दारं दिसतात ना, तिथून आत." गल्लीला इतका मान कधीच मिळाला नव्हता. सलूनवाल्याने पाटीखाली लिहून घेतलं, ‘परदेशी रंगसंगती’. आत तेच जुनं मशीन, तोच फुटका आरसा, पण बाहेरून थाट.

टिल्ली चालू लागली, बोलू लागली. बोलायला लागली ती थेट वाक्यांनीच. "आजोबा आले, दार उघडा," हे तिचं पहिलं लांब वाक्य. भोंगा झाला की ती खिडकीत गजांना धरून उभी राहायची आणि रस्त्याकडे बघत बघत गज चोखायची.

"शी, घाण!" तिची आई म्हणायची.

"गोद आहे," टिल्ली म्हणायची.

यावर गल्ली किती हसली! सलूनवाला येता-जाता विचारायचा, "काय टिल्लीबाई, परदेशी मिठाई कशी आहे?" टिल्ली जीभ बाहेर काढून दाखवायची. कधीमधी जिभेवर पिवळं असायचं.

पुढच्या गोष्टी एका दिवसात झाल्या नाहीत, म्हणून तर कळल्या नाहीत. आधी पोट दुखायला लागलं. जंतांचं औषध झालं. मग चिडचिड, मग खाणं सुटलं, मग ओठांचा रंग उतरला. दात येत असतील, ऊन बाधलं असेल, नजर लागली असेल, ज्याला जे सुचेल ते तो सांगे. बाईंच्या लक्षात आलं ते वेगळंच. एक दिवस त्या हळूच झाकणरावांच्या सुनेला म्हणाल्या, "अगं, ही बोलायची ना? हल्ली नुसतं बोट दाखवते."

सुनेने बाईंशी भांडण काढलं. माझ्या पोरीला वेडी म्हणता का, इथपर्यंत गेलं. पण घरात आल्यावर ती टिल्लीसमोर बसली आणि एकेक वस्तू उचलून विचारू लागली. हे काय? हे काय गं राणी? टिल्ली बघत राहिली. वाटी गेली होती, चेंडू गेला होता. "आजोबा आले" एवढं राहिलं होतं, "दार उघडा" गेलं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. झाकणकाकूला आधी विश्वासच वाटेना, ही काय सांगणार. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहायच्या आधी खुर्ची पुढे ओढली आणि त्या भलतंच विचारायला लागल्या. घरात पाणी कुठलं? पोरगी तोंडात काय घालते? घरातली माणसं काय काम करतात?

"रंगाच्या कारखान्यात," झाकणराव म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. टोपण उघडंच होतं, पण त्या दिवशी झाकणरावांचा हात पुढे गेला नाही.

रक्त घेतलं. काही दिवसांनी परत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की मुलीच्या रक्तात शिसं आहे, आणि भरपूर आहे. रंगातून गेलंय. पोट दुखतं ते त्यानेच, आणि बोलणं गेलं तेही त्यानेच.

झाकणराव हसले. खरंच हसले. मोठ्या माणसाने लहानाची चूक सावरावी तसे.

"नाही हो बाई. घरी लावलाय तो आपल्याकडचा रंग नाही. बाहेरच्या देशात जाणारा आहे. एकदम वरच्या दर्जाचा. डब्यावर छापलेलं असतं, इथे विकायलासुद्धा मनाई आहे."

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे मनाई का आहे?"

झाकणरावांनी झाकणकाकूकडे बघितलं.

"घराच्या रंगात शिसं घालायला आपल्याकडे बंदी येऊन बरीच वर्षं झाली. मुलांच्या डोक्यावर परिणाम होतो म्हणून. तुमचा निळ्या झाकणाचा रंग फिका पडतो ना? पडू दे. त्यात विष नाही. ज्या देशांत अजून असा कायदा झालेला नाही, तिकडे तो दुसरा रंग जातो. पाठवायला आपल्याकडे बंदी नाही."

"म्हणजे तिकडे चालतं?"

"कायद्याला चालतं."

"आणि पोरांना?"

डॉक्टरीणबाईंनी टिल्लीकडे बघितलं. टिल्ली टेबलाची कड चोखत होती. त्यांनी तिला अलगद बाजूला घेतलं आणि मग पुढचं सगळं सावकाश सांगितलं. रंग खरवडायचा नाही, खरवडला की धूळ उडते आणि ती रंगापेक्षा वाईट. ओल्या फडक्याने पुसायचं, वर दुसरा रंग द्यायचा, पाळणा टाकून द्यायचा. कामावरच्या कपड्यांनी मुलीला जवळ घ्यायचं नाही. रक्तातलं शिसं औषधाने हळूहळू उतरेल. गेलेले शब्द परत येतील का, असं सुनेने विचारलं तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "काही येतील." किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

झाकणराव तिथून थेट कारखान्यात गेले. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. कामगारांच्या आजारपणात रजा देई, स्वतःच्या जेवणाच्या डब्यातलं दुसऱ्यासमोर ठेवी. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं.

"तुम्हाला माहीत होतं?" झाकणरावांनी विचारलं.

"झाकणराव, मला वाटलं तुम्हालाही माहीत असेल. डब्यावर छापलंय."

"छापलंय म्हणूनच तर नेलं हो!"

सुपरवायझर बघतच राहिला. इतक्या वर्षांत हे असं वाचता येतं हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मग त्याने हात चोळले आणि सांगायला लागला. तिकडच्या सरकारला चालतं, इकडच्या सरकारला चालतं. बंदरावर दोन्हीकडचे शिक्के पडतात. त्यांचे व्यापारी मागतात, फिका पडणारा नको म्हणतात, तो महाग पडतो म्हणतात. आपण नाही पाठवला तर दुसरा देश पाठवेल, त्याचा माल याहून वाईट. आणि पिवळी रांग बंद पडली तर अर्धा कारखाना घरी. "मध्ये तुम्ही-मी कोण, झाकणराव?"

"तिकडे पोरं नसतात का?"

"असतील की. मी कधी गेलो नाही."

झाकणराव उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. "तुम्ही कधी एकही डबा घरी नेला नाहीत."

"मला पिवळा आवडत नाही," सुपरवायझर म्हणाला.

कोपऱ्यात लाल होता, हिरवा होता, केशरीही होता. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

मग गल्लीत सांगायची पाळी. यापेक्षा बोटीतून उडी मारणं सोपं. झाकणराव एकेका दाराशी गेले. स्वतःच रंगवून दिलेली दारं, आता कडी वाजवायला हात धजेना. सलूनवाल्याने आधी ऐकलंच नाही. "डॉक्टर लोक काय, उद्या आरसा बघू नका म्हणतील. रंग परत हवा असेल तर सरळ सांगा." मग टिल्लीचं नाव ऐकल्यावर त्याची कात्री थांबली. त्याचा धाकटा दारातच बसून खेळायचा. सलूनवाला आत गेला आणि पत्र्याचा तुकडा घेऊन येऊन दार खरवडायला लागला. झाकणरावांनी त्याचा हात धरला.

"खरवडू नका. धूळ उडते."

"मग काय करू? चाटून काढू?" तो ओरडला, आणि आपण काय बोललो हे कळून तिथेच पायरीवर बसला.

बाईंनी बाक गच्चीवर नेऊन टाकला आणि दोन दिवस शिकवणी बंद ठेवली. दारापुढून जाताना त्या झाकणरावांशी बोलत, पण विनोद करत नसत. शिलाईवालीचं सगळ्यांत अवघड झालं. ती गरोदर होती, आणि तिची खोली आतून चारही बाजूंनी पिवळी होती. झाकणराव सांगत होते तोवर ती शिवणयंत्राचं चाक हाताने उगाच मागे-पुढे करत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्हीच म्हणाला होतात ना, बाळाला उजेडाची खोली हवी?"

म्हणाले होते.

गल्लीतली दारं ओल्या फडक्यांनी पुसली गेली आणि त्यांच्यावर निळ्या झाकणाचा करडा चढला. काम झाकणरावांनीच केलं, नाका-तोंडाला फडकं बांधून, एकेक दार. कुणी चहा विचारला, कुणी नाही. दवाखान्यात सगळ्या पोरांची रक्तं तपासून झाली. बाकीची थोडक्यात वाचली होती. गज चोखणारी एकटी टिल्लीच, कारण आजोबांची वाट बघणारी एकटी तीच.

इतकं झाल्यावरही ते कामावर जात राहिले. गल्लीला ते पटलं नाही, पण कारण झाकणकाकूला माहीत होतं. मुलाचा ट्रक हल्ली कामाअभावी महिन्यातून अर्धा वेळ उभाच असे, आणि दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. पट्ट्याशी उभे राहिले की मात्र त्यांना आता वेगळंच दिसायला लागलं. समोर डबा येई आणि कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा खोलीत कुणी त्यांच्याच वयाचा माणूस नातवंडासाठी तो उघडून बसलेला दिसे. त्या माणसाला चेहरा देता येत नसे. कधी तो सलूनवाल्यासारखा असे, कधी त्यांच्यासारखाच. ब्रश बुडवून तो म्हणत असेल, काय रंग आहे! बाहेरच्या देशाचा आहे म्हणून.

एके दिवशी त्यांनी ठरवलं, आज सगळे वाकडे मारायचे. प्रत्येक डब्याला पोचा. एकही बोटीवर चढता कामा नये. पहिला मारला. दुसरा मारला. तिसऱ्यावर हातोडा उचलला आणि कोपऱ्याकडे लक्ष गेलं. पोचा आलेले डबे जायचे कुठे? कामगारांच्या पिशवीतून त्यांच्याच घरी. नीट मारला तर तिकडची खिडकी, वाकडा मारला तर इकडची. पट्टा पुढे सरकत होता, डबे येऊन एकमेकांना धडकत होते आणि झाकणराव हातोडा वर धरून तसेच उभे होते. शेजारच्या कामगाराने बटण दाबून पट्टा थांबवला.

पोचा आलेले ते दोन डबे त्यांनी सुपरवायझरच्या टेबलावर नेऊन ठेवले, हातोडा त्यांच्या बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मला निळ्या रांगेवर घाला." निळ्या रांगेवर तेव्हा यंत्र आलं होतं. ते यंत्रच झाकणं बसवायचं, माणूस लागत नव्हता. सुपरवायझरला खरंच वाईट वाटलं. त्याने झाकणरावांना फाटकापर्यंत पोचवलं, त्याच पिवळ्या फाटकापर्यंत.

झाकणरावांची जागा रिकामी झाली ती शिलाईवालीच्या नवऱ्याला कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी तो झाकणरावांच्या पायरीवर येऊन बसला. बराच वेळ पायातल्या चपलेशी चाळा करत राहिला.

"काका, तुम्ही नको म्हणा, नाही जात."

समोरच्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं. दिवस भरत आलेली बाई, आणि पाय पेडलवरून हटत नव्हता. झाकणरावांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं, नको जाऊस. तिकडच्या कुणाच्या तरी पोरासाठी नको जाऊस. पण हे वाक्य त्या पोटुश्या बाईच्या दारासमोर बसून कसं म्हणायचं ते त्यांना जमेना. तिकडचं पोर त्यांनी बघितलं नव्हतं. हे येणार होतं.

"कामाचे कपडे तिथेच ठेवायचे," ते शेवटी म्हणाले. "अंघोळ तिथेच करायची. घरी आल्यावर आधी हात, मग बाळ. आणि डबा घरी आणायचा नाही. कितीही पोचा येऊ दे."

"नाही आणणार."

"कडेकडेने मारायचं. एका जागी दोनदा नाही."

त्याने मान डोलावली. मग जाता जाता त्याने विचारलं, "काका, तिकडच्यांना कुणी सांगितलं असेल का हो?"

झाकणरावांनी हाच प्रश्न बाईंना विचारला होता. खोक्यावर बंदराचं नाव असे, ते त्यांनी आठवून सांगितलं. बाईंनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं, ते भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. तिथे कुठली भाषा बोलतात, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "दोन-तीन असतील. आपल्याला त्यातली एकही येत नाही, झाकणराव."

शिलाईवालीला मुलगा झाला, चांगला धडधाकट, गल्ली जागी करणारा. नवऱ्याचा हातही बसला. सुपरवायझर म्हणे नव्या माणसांना आता त्याच्याजवळ उभं करतो. एका सकाळी तो कामाला निघाला तेव्हा झाकणराव पायरीवर टिल्लीला घेऊन बसले होते. शब्द परत आणायचा तास चालला होता. वाटी आली होती. चेंडू अर्धा आला होता, "चें" एवढाच. तिच्या वयाची पोरं बाईंकडे अक्षरं गिरवत होती.

"काका, काम वाढलंय," तो उत्साहाने म्हणाला. "अजून एक देश घ्यायला लागला. दुसरी पाळी सुरू करतायत. माझ्या मेहुण्याचंही होईल बहुतेक."

"कुठला देश?"

"कोण जाणे. लांबचा आहे." मग त्याला झाकणरावांचा चेहरा दिसला आणि तो खालच्या आवाजात म्हणाला, "आपल्या गल्लीत तर येत नाही ना आता, काका."

"नाही," झाकणराव म्हणाले.

टिल्लीने त्याला हात हलवून टाटा केला. तोही हात हलवत कोपऱ्यावरून वळला. झाकणकाकू आतून औषध घेऊन आली. ते कडू असायचं आणि टिल्लीला ते बघूनच कळायचं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान फिरवली.

"आ कर, राणी," झाकणराव म्हणाले. "आ. आजोबांचा आ."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते चमचा धरून थांबले.